हिवाळ्यातील साथ आणि शेतकरी कुटुंबाची पूर्वतयारी

साथीचा रोग गावात शिरला असता रोगी व त्याच्या निकट राहणारी माणसे यांनी काही दिवस इतरांपासून वेगळे राहणे, हा फार जुना व गुणकारी उपाय आहे. परंतु शेतकऱ्याचे घर हे नोकरदाराच्या घरासारखे नसते. गोठ्यातील जनावरांना दररोज वैरण-पाणी करावे लागते, दुभती गाय दोन्ही वेळा पिळावी लागते आणि रब्बीच्या पिकास पाण्याची पाळी चुकवून चालत नाही. घरात धान्य भरलेले असूनही अशा कुटुंबाचे विलगीकरण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मोडते, ते बहुधा या कामांपायी. सबब शेतकरी कुटुंबाची तयारी करताना किती पोती भरावीत याचा हिशेब जितका आवश्यक आहे, त्याहून अधिक आवश्यक म्हणजे आपण घरात अडकल्यास आपली कामे कोण करील, हे आधी ठरवून ठेवणे होय. धाराशिव जिल्ह्यातील परिस्थिती लक्षात घेऊन ही तयारी कशी करावी, याचे विवेचन पुढे केले आहे.

मागील साथींचा अनुभव

इन्फ्ल्युएन्झाची मोठी साथ जून १९१८ मध्ये मुंबई बंदरातून देशात शिरली. तिची पहिली लाट सौम्य होती. दुसरी लाट त्याच वर्षी सप्टेंबरच्या सुमारास आली व ती अतिशय घातक ठरली. त्या वर्षी पावसानेही दगा दिला होता. खरीप बुडालेले, चारा टंचाईचा, आणि रब्बीच्या पेरणीचे दिवस तोंडावर असताना माणसे अंथरुणास खिळली. हिंदुस्थानात त्या साथीने एक कोटीहून अधिक माणसे दगावली. सामान्यतः अशा रोगात वृद्ध व बालके अधिक दगावतात. १९१८ च्या साथीत मात्र वीस ते चाळीस या कर्त्या वयातील माणसे फार मोठ्या संख्येने गेली. शेतीच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, ज्या हातांनी पेरणी व्हावयाची तेच हात नाहीसे झाले.

प्लेगच्या दिवसांत आपल्याकडे गावेच्या गावे ओस पडत व लोक शेतात झोपड्या बांधून राहत. प्लेग हा उंदरांवरील पिसवांमुळे पसरणारा रोग असल्याने घर सोडण्याने त्यापासून खरोखरच बचाव होत असे. श्वासावाटे पसरणाऱ्या रोगात शेतातील वस्तीचा उपयोग निराळ्या कारणाने होतो. तेथे हवा मोकळी असते व माणसे दाटीने राहत नाहीत.

अलीकडील कोरोनाच्या साथीचा अनुभव बहुतेकांच्या स्मरणात आहे. २५ मार्च २०२० पासून देशभर एकवीस दिवसांची टाळेबंदी लागू झाली व पुढे तिची मुदत वाढत गेली. त्या काळात पुण्या-मुंबईहून परतलेल्या अनेक कुटुंबांनी शेतातील कोठ्यात, तर काहींनी जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये विलगीकरणाचे दिवस काढले. तुळजापूरचे श्री तुळजाभवानी मंदिर मार्चमध्ये बंद झाले, ते राज्यातील इतर मंदिरांप्रमाणे १६ नोव्हेंबर २०२० रोजी पाडव्याच्या दिवशी भाविकांसाठी उघडले. साथीची तिसरी लाट जानेवारी २०२२ मध्ये, म्हणजे ऐन थंडीत, ज्वारी हुरड्यात व हरभरा घाट्यात असण्याच्या दिवसांत आली. ती तुलनेने सौम्य होती, म्हणून शेतीचे फारसे अडले नाही. परंतु पुढील साथ सौम्यच असेल, असे कोणासही सांगता येणार नाही.

विलगीकरण म्हणजे काय

ही कल्पना शेतकऱ्यास नवीन नाही. खुरकुताची लागण झालेले जनावर तो वेगळे बांधतो, त्याची दावण व पाण्याचे भांडे निराळे ठेवतो, आणि बाजारातून आणलेले नवे जनावर काही दिवस कळपात सोडीत नाही. २०२२ मध्ये लम्पी त्वचारोगाची साथ आली तेव्हा जनावरांचे बाजार बंद ठेवण्यात आले, तेही याच तत्त्वाने. माणसांच्या बाबतीत दोन प्रकार ध्यानात घ्यावेत. रोगाची लक्षणे असलेल्या माणसास घरातील इतरांपासून दूर ठेवणे हा एक प्रकार; आणि लक्षणे नसली तरी रोग्याच्या निकट आलेल्या सर्व कुटुंबाने गावापासून दूर राहणे हा दुसरा प्रकार. पहिल्यासाठी घरात वेगळी जागा लागते. दुसऱ्यासाठी बाहेरून मदत लागते.

किती दिवसांची तयारी ठेवावी, हा प्रश्न साहजिकच उद्भवतो. कोरोनाच्या साथीत आरंभी रोग्याच्या निकट आलेल्यांस १४ दिवस घरात राहण्यास सांगितले जात असे. पुढे जानेवारी २०२२ मध्ये सौम्य लक्षणांच्या रोग्यांसाठी गृहविलगीकरणाची मुदत ७ दिवसांवर आली. रोगपरत्वे ही मुदत बदलते. शिवाय पहिल्या रोग्याची मुदत संपत आली असता घरातील दुसरे माणूस आजारी पडले, तर दिवसांची गणना पुन्हा सुरू होते. या कारणास्तव २१ दिवसांचा हिशेब धरून तयारी करणे सुरक्षित होय.

वेगळी खोली निवडताना घ्यावयाची काळजी

थंडीच्या दिवसांत माणसे दारे-खिडक्या लावून, एकाच खोलीत, शेकोटीभोवती दाटीने बसतात. श्वासावाटे पसरणाऱ्या रोगास हेच सर्वांत अनुकूल ठरते. रोगी खोकलला, शिंकला किंवा नुसता बोलला तरी सूक्ष्म कण बाहेर पडतात व कोंदट खोलीत ते बराच वेळ तरंगत राहतात. म्हणून वेगळ्या खोलीस निदान एक खिडकी व तिच्यासमोर हवा बाहेर जाण्यास दुसरी वाट असणे अगत्याचे आहे.

जिल्ह्यात घरांचे दोन प्रकार प्रामुख्याने आढळतात. जुन्या माळवदाच्या घरांच्या भिंती रुंद असतात. त्यामुळे आत ऊब राहते, परंतु खिडक्या लहान व थोड्या असतात. अशा घरात माळवदावरील साणे, म्हणजे उजेड व धूर यांसाठी ठेवलेले भोक, पावसाळ्यात झाकले असल्यास ते दिवाळीनंतर उघडावे व ढोल्या, पोती इत्यादींनी अडलेला झरोका मोकळा करावा. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर उमरगा व लोहारा तालुक्यांत सास्तूरसारख्या ज्या गावांचे पुनर्वसन झाले, तेथील घरांस खिडक्या आहेत, पण खोल्या थोड्या आहेत. तेथे रोग्यास खोली देऊन इतरांनी पडवीत किंवा पत्र्याच्या छपरात आडोसा करून निजणे, अशी योजना आधी करून पाहावी.

रोग्याच्या खोलीत वाऱ्याचा झोत थेट अंथरुणावर येऊ देऊ नये. खाट खिडकीपासून बाजूस ठेवून अंगावर पुरेसे पांघरूण द्यावे व खिडकी उघडी ठेवावी. रात्री पारा दहा अंशांच्या आसपास उतरला तर खिडकी थोडी लोटून घ्यावी, परंतु पूर्ण बंद करू नये. दिवसा ऊन असेपर्यंत खोली पूर्ण उघडी टाकावी.

येथे दोन धोक्यांचा विशेष उल्लेख करणे जरूर आहे. पहिला धोका शेगडीचा. बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा निखाऱ्याची घमेली ठेवून निजल्यास कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू साचतो. त्यास वास नसतो व रंगही नसतो. निजलेल्या माणसास कळण्यापूर्वीच तो मृत्यू ओढवतो. ऊब हवी असल्यास गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पायाशी द्यावी.

दुसरा धोका धान्याच्या कोठीचा. पुष्कळ घरांत वेगळी म्हणून जी खोली मोकळी करता येते, ती धान्य, खते व औषधे ठेवण्याचीच असते. धान्यास कीड लागू नये म्हणून ज्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतात, त्यांतून अत्यंत विषारी वायू निघतो. अशा गोळ्या ठेवलेल्या खोलीत, किंवा तिला लागून असलेल्या खोलीत, कोणीही निजू नये. राहत्या घरातील धान्यासाठी या गोळ्या वापरूच नयेत. धान्य कडक उन्हात वाळवून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून, झाकण घट्ट बसणाऱ्या कोठीत भरावे. कीटकनाशके व तणनाशके यांचे डबे साथ येण्यापूर्वीच घराबाहेर कुलपात हलवावेत.

शेतातील कोठा जवळ असल्यास व त्यात उजेड, पाणी, शौचाची सोय आणि फोन लागण्याजोगी जागा असल्यास लक्षणे नसलेल्या प्रौढ माणसास तेथे राहता येते. आजारी, वृद्ध किंवा गरोदर व्यक्तीस मात्र शेतात एकटे ठेवू नये. घरात वेगळी जागा नसेल तर गावातील अथवा शासनाच्या विलगीकरण केंद्रात जाण्यात कमीपणा मानू नये. मे २०२१ मध्ये राज्य शासनाने काही जिल्ह्यांत गृहविलगीकरण थांबवून रोग्यांस केंद्रात ठेवण्याचा निर्णय घेतला, त्यांत हा जिल्हाही होता. घरातल्या घरात रोग पसरतो, हा अनुभव त्यामागे होता.

धान्य, दळण व भाजीपाला

चार प्रौढ व दोन मुले अशा सहा माणसांच्या कुटुंबास २१ दिवसांसाठी साधारणतः पुढीलप्रमाणे शिधा लागतो.

ज्वारी व गहू मिळून, रोज अडीच किलोप्रमाणे: ५२ ते ५३ किलो
तूर, मूग, हरभरा यांच्या डाळी, रोज ४०० ग्रॅमप्रमाणे: साडेआठ किलो
गोडे तेल, रोज १५० ग्रॅमप्रमाणे: सव्वातीन किलो
गूळ, रोज १०० ग्रॅमप्रमाणे: दोन किलोंच्या वर थोडा
मीठ: दोन किलो
चहा, तिखट, हळद, साबण, काड्यापेट्या: नेहमीच्या महिन्याच्या बाजाराइतके

हे प्रमाण पाहिले असता असे दिसून येईल की, ज्या घरात स्वतःची ज्वारी व तूर आहे त्यास फारशी खरेदी करावी लागत नाही. सोयाबीन विकून हाती पैसा येतो तेव्हाच तेल, मीठ, साबण व औषधे यांची तजवीज करून ठेवावी. साथीची बातमी येताच एकदम दुकानावर गर्दी करणे किंवा चार महिन्यांचा माल भरणे अनुचित आहे. त्याने भाव चढतात व रोजंदारीवर जगणाऱ्या शेजाऱ्यास माल मिळत नाही.

खरी अडचण धान्याची नसून दळणाची असते. पिठाची गिरणी ही गावातील रोजची गर्दीची जागा होय. महिन्याचे पीठ एकदम दळून ठेवावे, तर ज्वारीचे पीठ जुने झाल्यावर त्यास कडवटपणा येतो व भाकरी थापताना चिरते. यावर तीन उपाय आहेत. घरात जाते असल्यास ते टाकवून घ्यावे व खुंटा घट्ट करून ठेवावा. जाते नसल्यास आठवड्याचे धान्य निवडून, मोजून, निरनिराळ्या पिशव्यांत बांधून ठेवावे, म्हणजे शेजारी ते उंबऱ्यावरून उचलून दळून आणू शकतो. तिसरा उपाय म्हणजे दळणावाचून होणारे अन्न. ज्वारीच्या कण्या, मुगाची खिचडी, लाह्या व उकडलेला हरभरा यांवर दोन-चार दिवस सहज निघतात. आजारी माणसास पातळ कण्या भाकरीपेक्षा पचण्यास हलक्याही पडतात.

जुन्या वाड्यांत जेथे अद्याप पेव वापरात आहे, तेथे लागणारे धान्य आधीच वर काढून ठेवावे. बंद पेवात प्राणवायू कमी होऊन घातक वायू साचलेला असतो. घरात माणसे कमी व धावपळ जास्त अशा वेळी एकट्याने पेवात उतरणे हे प्राणावर बेतू शकते.

भाजीपाल्यासाठी परसात दोन वाफे पुरतात. कार्तिकात पेरलेली मेथी सुमारे एका महिन्यात काढणीस येते. दहा-दहा दिवसांच्या अंतराने पेरल्यास ती सारखी मिळत राहते. हरभऱ्याचे शेंडे खुडून वाळविलेली भाजी, सांडगे, शेंगदाण्याची, जवसाची व कारळ्याची चटणी हे पदार्थ टिकाऊ व पौष्टिक आहेत.

पाणी, सरपण व अंथरूण

पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी माणशी १० लिटर धरल्यास सहा माणसांस रोज ६० लिटर पाणी लागते. हापसा किंवा सार्वजनिक नळ हेच ज्यांचे साधन आहे, त्यांच्यासाठी पाणी कोणी व कोठे आणून ठेवावे हे शेजाऱ्याशी ठरवावे. पिण्याचे पाणी उकळून घ्यावे. थंडीत तहान कमी लागते. परंतु ताप असलेल्या माणसाच्या अंगातील पाणी झपाट्याने कमी होते, म्हणून त्यास कोमट पाणी, पेज व ताक वारंवार द्यावे.

तुराट्या, पळाट्या व गोवऱ्या पावसाळा सरताच वाळवून कोरड्या जागी रचाव्यात. ओले सरपण धूर करते व धुराने खोकल्याच्या रोग्याचा त्रास वाढतो. स्वयंपाकाचा गॅस असेल तर भरलेली टाकी शिल्लक ठेवावी.

थंडीत लहान मुले एकाच वाकळीत दोघे-तिघे निजतात. साथीच्या काळात प्रत्येकास वेगळे अंथरूण-पांघरूण हवे. जुन्या लुगड्यांच्या एक-दोन गोधड्या आधी शिवून ठेवल्यास ही अडचण दूर होते. सर्व पांघरुणे दर दोन-तीन दिवसांनी कडक उन्हात पसरावीत.

गुरांची व्यवस्था

एक बैलजोडी व एक गाय अशा तीन जनावरांसाठी कडबा व भुसा मिळून जनावरामागे रोज सात किलो धरल्यास दिवसास २१ किलो, म्हणजे २१ दिवसांस सुमारे साडेचार क्विंटल वैरण लागते. पेंढ्यांचे वजन गावोगाव निराळे असते, म्हणून दहा पेंढ्या वजन करून त्यावरून हिशेब बसवावा. जनावरामागे ५० लिटरप्रमाणे रोज १५० लिटर पाणी लागते. दुभत्या गाईस रोज दोन किलो पेंड धरल्यास ५० किलोचे एक पोते पुरते. शेळ्यांना तुलनेने थोडे लागते. परंतु उस्मानाबादी शेळ्या चरावयास सोडण्याची रीत आहे व राखणारे माणूसच घरात अडकले तर त्या उपाशी राहतात. त्यांच्यासाठी तुरीचा व हरभऱ्याचा भुसा, तसेच सुबाभूळ किंवा शेवरी यांचा पाला हाताशी असावा.

कडब्याची गंज शेतात असल्यास तीन आठवड्यांची वैरण गोठ्याजवळ आणून रचावी. गोठ्यास घराबाहेरून जाण्याची वाट असणे फार उपयोगी पडते. तशी वाट नसल्यास जनावरे तात्पुरती बाहेरच्या छपरात बांधावीत, म्हणजे मदतीस येणाऱ्या माणसास घरात शिरावे लागत नाही. रात्रीच्या थंडीसाठी गव्हाणीच्या बाजूस पोत्यांचे पडदे लावावेत.

दूध काढण्याचे काम नवख्या हातास साधत नाही. गाय पान्हा चोरते किंवा लाथ मारते. म्हणून ज्याच्यावर हे काम सोपवावयाचे, त्याने साथीपूर्वी दोन-चार वेळा घरच्या माणसासमवेत धार काढून गाईस ओळख करून द्यावी. दुधाची गाडी बंद झाल्यास दुधाचे काय करावे, हाही विचार आधी करावा. भूम व कुंथलगिरी परिसरात खवा करण्याची परंपरा आहे, तथापि खवा थंडीतही थोडेच दिवस टिकतो व बाजार बंद असल्यास तो पडून राहतो. दही लावून लोणी काढणे व तूप कढविणे हा अधिक टिकाऊ मार्ग होय. ताक घरात व शेजारी उपयोगी पडते.

कोंबड्या अथवा पक्षी अचानक मरू लागल्यास त्यांना उघड्या हाताने स्पर्श न करता पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यात मुरुंबा येथे बर्ड फ्लू आढळला होता. अशा रोगावर प्रारंभीच नजर ठेवणे माणसांच्याही हिताचे असते.

रब्बीची कामे व सावड

आपल्याकडे सावडीने कामे उरकण्याची रीत आहे. आज आपण दुसऱ्याच्या शेतात, उद्या तो आपल्या शेतात. हीच रीत विलगीकरणासाठी वापरावी. दोन किंवा तीन कुटुंबांनी मिळून गट करावा व ज्याचे घर बंद होईल त्याची कामे इतरांनी पाहावीत, असे ठरवावे. गट करताना एकाच वाड्यात राहणारी, एकाच ताटातली कुटुंबे एकत्र घेऊ नयेत. ती बहुधा एकाच वेळी अडकतात. शेत शेजारी पण घर दूर, अशी जोडी उत्तम.

मदत करणाऱ्यास सर्व कामे करणे शक्य नसते. म्हणून कोणते काम टळेल व कोणते टळणार नाही, हे लिहून ठेवावे. ज्वारीस एकच पाणी देणे शक्य असेल तर ते पोटरीत असताना, म्हणजे पेरणीनंतर ५० ते ५५ दिवसांच्या सुमारास द्यावे. त्या वेळी ताण पडल्यास कणीस नीट निसवत नाही. हरभऱ्यास एकच पाणी द्यावयाचे झाल्यास ते फुले येण्याच्या सुमारास द्यावे. खुरपणी आठवडाभर मागे पडल्याने होणारे नुकसान चुकलेल्या पाण्याइतके मोठे नसते. कृषिपंपास रात्रीच्या पाळीत वीज मिळत असेल तर दार धरण्यास एकटे माणूस पाठवू नये व पंपाची पेटी, व्हॉल्व्ह व दारे कोठे आहेत हे मदतनिसास दिवसाउजेडी दाखवून ठेवावे. फवारणीसारखी धोक्याची कामे नवख्यावर सोपवू नयेत.

हुरड्याच्या दिवसांत शहरातील पाहुणे शेतावर येतात. पौषात शाकंभरी नवरात्रासाठी तुळजापुरी गर्दी होते. साथ सुरू असल्यास हुरड्याचे आमंत्रण एक वर्ष पुढे ढकलावे व देवदर्शनासाठी प्रशासनाच्या सूचना पाळाव्यात. हुरडा वाळवून ठेवता येतो व नंतर पाहुण्यांस पाठविता येतो.

ज्या घरात वृद्ध व मुलेच आहेत

या जिल्ह्यातून व लगतच्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात व उन्हाळ्याच्या आरंभी परततात. २०२० च्या टाळेबंदीत हे मजूर कारखान्यांच्या परिसरात अडकून पडले होते. एप्रिलच्या मध्यास शासनाने तपासणी करून त्यांना गावी परतण्याची मुभा दिली. म्हणजे हिवाळ्यात साथ आल्यास कर्ती माणसे दूर व घरी केवळ आजी-आजोबा आणि शाळकरी मुले, अशी पुष्कळ घरांची स्थिती असते. या घरांची तयारी टोळी निघण्यापूर्वीच झाली पाहिजे.

निघताना प्रत्येक कुटुंबाने पुढील गोष्टी करून जाव्यात. शिधापत्रिका व तिच्यावरील धान्य कोण आणील, हे ठरवावे. वृद्धांच्या रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या व दम्याच्या औषधांचा निदान महिन्याचा साठा आणि डॉक्टरांची चिठ्ठी एका डब्यात ठेवावी. मुकादमाचा, कारखान्याच्या शेतकी कार्यालयाचा व एका शेजाऱ्याचा फोन क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावा. आजोबा आजारी पडल्यास मुले कोणाकडे राहतील, हे त्या घरच्या संमतीने आधीच सांगून ठेवावे. मुलांनाही ते माहीत असावे, म्हणजे ऐन वेळी ती भांबावत नाहीत.

रोग्याची देखभाल

घरात तापमापक, तापावरील पॅरासिटामॉलच्या गोळ्या, क्षारसंजीवनीची पाकिटे, नाकातोंडास बांधण्याचे मुखपट्टे व शक्य असल्यास रक्तातील प्राणवायू मोजण्याचे लहान यंत्र असावे. असे एक यंत्र आशा कार्यकर्तीकडे किंवा गटातील तीन कुटुंबांत मिळून असले तरी चालते. रोग्याची सेवा एकाच निरोगी, तरुण माणसाने करावी. खोलीत जाताना मुखपट्टा बांधावा व बाहेर येताच साबणाने हात धुवावेत. ताट-वाटी वेगळी ठेवावी. ती साबणाने धुतल्यास पुरे. फेकण्याचे कारण नाही.

श्वास लागणे, छातीत सतत दुखणे, ओठ निळसर पडणे, गुंगी येणे, अथवा यंत्रावर प्राणवायूचे प्रमाण ९४ च्या खाली येणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास घरी थांबू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व आशा कार्यकर्तीस कळवावे. विलगीकरण म्हणजे उपचारावाचून राहणे नव्हे.

२०२० मध्ये काही ठिकाणी पिकांवरील फवारणीच्या पंपाने माणसांच्या अंगावर जंतुनाशक फवारण्यात आले. याचा उपयोग होत नाही. उलट डोळे, कातडी व फुप्फुसे यांस इजा होते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच ते करू नये असे कळविले होते. शिवाय ज्या पंपात कीटकनाशक घातले जाते, तो पंप घरात फिरविणे हे स्वतःच धोक्याचे आहे. तसेच ब्लीचिंग पावडर व शौचालय धुण्याचे आम्ल एकत्र करू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

ग्रामपंचायत अधिकारी, कृषी विभागाचे कर्मचारी, आशा, अंगणवाडी सेविका व पोलीस पाटील यांनी दिवाळीपूर्वी एकत्र बसून पुढील कामे उरकून घ्यावीत.

१. एकटे वृद्ध, गरोदर स्त्रिया, दमा व मधुमेहाचे रोगी, आणि ऊसतोडीस गेलेली कुटुंबे यांची घरवार यादी करावी.

२. प्रत्येक घराची सावडीची जोडी नोंदवावी. ज्यांची जोडी कोणी होत नाही, अशी घरे प्रत्येक गावात असतात. भूमिहीन, परगावाहून आलेले व वस्तीपासून तुटलेले लोक त्यांत मोडतात. त्यांची जबाबदारी कोणत्या गटाने घ्यावी, हे सभेत ठरवावे.

३. गिरणीवाला, दूध संकलक व दुकानदार यांच्याशी बोलून उंबऱ्यावर माल पोचविण्याची व नेण्याची पद्धत ठरवावी.

४. शाळा अथवा समाजमंदिर विलगीकरणासाठी वापरावयाचे झाल्यास तेथील खिडक्या, शौचालय, दिवे व पाणी पाहून घ्यावे. थंडीसाठी घोंगड्या किती लागतील व त्या कोठून मिळतील, याची नोंद करावी.

५. ज्याचे घर बंद आहे त्यास रोज एकदा, ठरलेल्या वेळी, दुरून हाक मारावी किंवा फोन करावा. आजार लपविण्याचे मोठे कारण भीती हेच असते. आपले घर बंद झाले तर गाव आपणास वाळीत टाकील, असे वाटल्यास माणूस ताप अंगावर काढतो व रोग पसरतो. गाईची धार वेळेवर काढली जाईल, ज्वारीस पाणी मिळेल, आणि उंबऱ्यावर दळण येईल, याची खात्री असल्यास तोच माणूस पहिल्या दिवशी आजार सांगतो.

वर सांगितलेल्या तयारीस मोठा खर्च येत नाही. साणे उघडणे, गोधडी शिवणे, कडबा गोठ्याजवळ आणणे, पेंढ्यांचे वजन करणे व शेजाऱ्यास गाईची ओळख करून देणे ही कामे साथ आली नाही तरी वाया जात नाहीत. घरात बाळंतपण, अपघात किंवा साधा ताप असला तरीही ती उपयोगी पडतात. प्रत्येक कुटुंबाने येत्या कार्तिकात एक संध्याकाळ यासाठी द्यावी, कागदावर आपल्या माणसांचा, जनावरांचा व पिकांचा हिशेब मांडावा, आणि ज्या घराशी सावड ठरली असेल त्या घरी त्याची एक प्रत द्यावी.